तिघांच्या गोळ्या

वैशाख मध्यावर आला की लोणावळ्याच्या बाजाराच्या तोंडाशी करवंदवाल्या बायका येऊन बसतात. पाटीवर ओली पानं झाकलेली, शेजारी पानांचे द्रोण रचलेले आणि मनगटापासून कोपरापर्यंत जाळीच्या काट्यांचे ओरखडे. शाळेला सुट्टी लागलेली असते, दुपारची हवा जड झालेली असते. परवा मी एक द्रोण घेतला आणि पिशवी काखेत धरून तिथेच एक करवंद दातांनी फोडलं. आत लाल निघालं. लहानपणी फोडायच्या आधी आम्ही एकमेकांना विचारायचो, कोंबडा की कोंबडी? लाल निघालं तर कोंबडा, फिकं निघालं तर कोंबडी. सुधीरदादा हटकून जिंकायचा. मीना रडकुंडीला आली की जनाआत्या आपल्या ओंजळीतलं एक काळंभोर करवंद निवडून तिच्या हातावर ठेवायची आणि म्हणायची, "ह्ये फोड, ह्यो कोंबडाच हाय."

जनाआत्या म्हणजे आमच्या वडिलांची थोरली बहीण. मळवलीला राहते. आमची आई गेली तेव्हा मीनाला धड चालताही येत नव्हतं. वडील खंडाळ्याला रेल्वेत, कामाच्या पाळ्या अवेळी. आत्याला मूलबाळ नव्हतं, नवराही लग्नानंतर लवकरच गेलेला. तिनं आम्हा तिघांना उचलून आपल्या घरी नेलं आणि भाताच्या खाचरांमधे, म्हशींच्या मागे, आपल्या पदराला धरून वाढवलं. पुढे दादा, आत्याचा सुधा, नोकरीसाठी नाशिकला गेला, मीना लग्न होऊन ठाण्याला गेली, मी लोणावळ्यात शाळेत शिकवायला लागले. सगळ्यांत जवळची मीच. लोणावळ्यानंतर गाडी थांबते ती मळवलीलाच.

करवंदं घेऊन मी समोरच्या मेडिकलमधे गेले. माझ्या पुढे एक तरुण जोडपं होतं. कुठल्याशा देशात पुन्हा काही साथ पसरतेय, असं त्यांनी फोनवर वाचलं होतं. त्यांना इम्युनिटीच्या गोळ्या हव्या होत्या, चघळायच्या, लिंबाच्या चवीच्या. मेडिकलवाल्या नितीननं विचारलं, "कोण आजारी आहे का घरात?"

"नाही," ती मुलगी म्हणाली. "घरात असाव्यात म्हणून."

नितीननं माझ्याकडे पाहिलं आणि बाटली काढून दिली. ते पाहणं माझ्यासाठी होतं. आत्याचं सगळं त्याला ठाऊक आहे.

घरात असाव्यात म्हणून. साथीच्या वर्षांत याच दुकानासमोर चुन्याच्या गोलात उभी राहून मी हे वाक्य पुढच्यामागच्यांच्या तोंडून ऐकत असे. मीही तेच म्हणत असे. तेव्हाचं लोणावळं आठवलं की अजून विचित्र वाटतं. चिक्कीच्या दुकानांची शटरं खाली, हॉटेलांच्या फाटकांना साखळ्या, आणि एरवी पर्यटकांच्या गाड्यांनी तुंबणारा रस्ता असा मोकळा की माकडं मधोमध बसून अंगातल्या उवा काढायची. सगळं बंद, आणि मेडिकलपुढे तेवढी रांग. त्या रांगेत आजारी माणूस क्वचितच असे. असायची ती आमच्यासारखी धडधाकट माणसं. कुणाला क जीवनसत्त्व हवं, कुणाला झिंक, कुणाला गुळवेलीचा रस. कुणी नुसतंच विचारायचं, "काही नवीन आलंय का?"

आमच्या शाळेतले एक सर दिवसभर काढा पीत. तोंड आलं, जिभेला चिरा पडल्या, तरी पीत. मी म्हटलं, "सर, थोडं थांबा की." ते म्हणाले, "बाई, हातावर हात ठेवून बसवत नाही हो." मला ते पटलं होतं. त्या दिवसांत आपल्या हातात काहीच नव्हतं. आजार कुठून येईल ते कळत नव्हतं, कुणाला धरेल ते कळत नव्हतं, धरलेल्याला भेटता येत नव्हतं, गेलेल्याला पोचवता येत नव्हतं. एक बाटली तेवढी विकत घेता येत होती. तिचं झाकण उघडता येत होतं. पाण्याबरोबर गोळी गिळली की आजच्यापुरतं आपण काहीतरी केलं, असं वाटत होतं. आमचे हे उर्स्याच्या कारखान्यात जात होते, त्यांचं काम बंद नव्हतं. ते संध्याकाळी आले की आधी न्हाणीघर, मग वाफ, मग गोळी. ती गोळी त्यांच्या तळहातावर ठेवताना मला खरंच धीर यायचा. ते शास्त्र होतं की नव्हतं, मला तेव्हा सांगता आलं नसतं. डॉक्टरही लिहून देत होते. नितीन स्वतः घेत होता. मी एकदा विचारलं, "याचा उपयोग होतो का रे?" तो मास्कमागून म्हणाला, "काय माहीत, मॅडम. पण मीपण घेतो."

आणि आपल्यासाठी घेतली की लगेच लांबच्या माणसाची आठवण यायची. रांगेतल्या निम्म्या लोकांच्या हातात दोन-दोन बाटल्या असायच्या, एक घरची आणि एक पाठवायची. गावाकडच्या आईला, पुण्यातल्या मुलाला. जाता येत नव्हतं, म्हणून गोळ्या जात होत्या.

आमच्या गोळ्या मळवलीला जात होत्या.

दादानं नाशिकहून कुरियरनं पाठवल्या. मीनानं ठाण्याहून पुड्या पाठवल्या, दुधातून घ्यायच्या. मी लोणावळ्याहून दूधवाल्याबरोबर बाटली पाठवली. एकमेकांना विचारून नव्हे. जो तो आपापल्या परीनं, आपल्या डॉक्टरनं सांगितलेलं, आपल्या ऑफिसात सगळे घेतात ते. आत्या सत्तरीच्या पुढची, घरात एकटी, टीव्हीवर रोज आकडे. तिला काही झालं तर आपल्याला पोचताही येणार नाही, ही भीती तिघांचीही सारखीच होती, आणि तिघांनीही तिच्यावर तोच उपाय शोधला होता.

आत्यानं आयुष्यात गोळी घेतलेली आम्हाला आठवत नाही. ताप आला की ती घोंगडी पांघरून झोपायची आणि सकाळी उठून धारा काढायची. म्हणून ती या गोळ्या फेकून देईल, असं आम्ही धरून चाललो होतो. ती फेकू नये म्हणून रोज फोन करायचो. तेव्हा तसेही फोन होत होते, पण बोलायला काही नसायचं. कोण गेलं, कोण दवाखान्यात आहे, एवढंच. आत्याला ते सांगायचं नसायचं. मग एकच प्रश्न उरायचा.

"आत्या, गोळी घेतलीस का?"

"व्हय गं, घेतली की. सकाळच्याला सुधाची, दुपारच्याला तुजी, दिवं लागलं का मीनाची."

व्हिडिओ कॉल करायला शेजारच्या हिरानं तिला शिकवलं होतं. आत्या फोन असा धरायची की आम्हाला तिचं कपाळ आणि वरचे वासे दिसायचे. मीना ओरडायची, "आत्या, खाली धर." मग एकदम तिचा हात दिसायचा, आणि हातात स्टीलचा डबा. डब्यात तिघांच्या गोळ्या. एकदा मी हसून म्हटलं, "आत्या, तू तर नेमानं घेतेस गं. आम्हाला वाटलं होतं कंटाळा करशील."

ती म्हणाली, "कट्टाळा कशाचा? गोळी गिळली का वाटतंय, पोर येऊन गेली."

त्या वाक्यावर आम्ही तिघंही किती हललो होतो. मीनानं ते आपल्या मैत्रिणींना सांगितलं. दादानं त्याच आठवड्यात आणखी एक डबा मागवला.

मधे थोडं मोकळं झालं होतं. भात काढून झालं होतं, खाचरांत नुसती धसकटं उभी होती, इंद्रायणी तांदळाचा वास गावभर होता. मी मळवलीला गेले आणि अंगणातच बसले, आत्यापासून लांब, तोंडावर मास्क. हे कारखान्यात जातात, न जाणो माझ्याकडून तिला काही व्हायचं. ती उंबऱ्यात, मी जांभळाखाली. समोर एक्सप्रेसवेवर अजून गाड्या कमीच होत्या. आत्या म्हणाली, मधे तो पार बंद होता तेव्हा तिला झोपच येईना, इतकं शांत. तिनं ताट वाढून आणलं आणि अंगणाच्या मधोमध जमिनीवर ठेवून मागं सरकली, जसं मी सांगितलं होतं तसं. मी जेवले. ती बघत होती. निघताना म्हणाली, "वाईच आत तरी येऊन जायचं. चुलीला हात लावून गेली असतीस." मी म्हटलं, "हे संपू दे आत्या, मग राहायलाच येते."

दुसऱ्या वर्षीच्या वैशाखात साथ पुन्हा उसळली, पहिल्यापेक्षा वाईट. त्याच दिवसांत आत्याचं काहीतरी बिनसलं. जेवण जाईना, उलट्या, पोट साफ होईना. सारखी तहान, सारखं लघवीला. पाय उचलत नाहीत म्हणायची. आम्हा तिघांच्या डोक्यात एकच आलं. हिराच्या नवऱ्यानं तिला तपासणीला नेलं. निकाल येईपर्यंतचा वेळ कसा गेला, ते मी लिहू शकणार नाही. निकाल आला, कोरोना नाही. दादा फोनवर रडला. मीनानं देवाला साखर ठेवली. आम्ही इतके हलके झालो, की मग तिला झालंय काय, हे विचारायचं कुणाच्या मनातच आलं नाही. अशक्तपणा असणार. उन्हाळा आहे, वय आहे. मीनानं ताकदीच्या म्हणून आणखी पुड्या पाठवल्या. आत्यानं त्याही सुरू केल्या.

मग एका दुपारी हिराचा फोन आला. "नंदाताई, आत्या कायतरी येगळंच बोलत्यात. कालपास्नं मला रखमा रखमा म्हनत्यात."

रखमा आमची आई.

मी आणि हे दुचाकीवरून निघालो. नाक्यावर पोलिसानं अडवलं, सोडलं. मी उंबरा ओलांडून आत गेले, तेव्हा आत्या भिंतीला टेकून बसली होती. ओठ कोरडे, डोळे माझ्यावर होते पण मला बघत नव्हते. "रखमे," ती म्हणाली, "पोरं जेवली का?" मी म्हटलं, "जेवली." दुसरं काय म्हणणार होते?

त्या दिवसांत कोरोना नसलेल्या माणसाला खाट मिळणं ही मोठीच गोष्ट होती. दोन ठिकाणांहून परत फिरलो. तळेगावच्या एका छोट्या दवाखान्यात शेवटी तिला घेतलं. तिथले डॉक्टर तरुण होते, पण चेहऱ्यावर फार थकवा. रक्त तपासलं आणि मला बाहेर बोलावून विचारलं, "या कोणत्या गोळ्या घेतात?"

"औषध काहीच नाही," मी म्हटलं. "नुसती जीवनसत्त्वं."

"जी असतील ती सगळी आणा."

ह्यांनी जाऊन डबा आणला. डॉक्टरांनी टेबलावर तो उपडा केला आणि एकेक पाकीट उलटून बारीक अक्षरं वाचली. नावं वेगवेगळी होती, रंग वेगवेगळे होते. दादाच्या गोळीत ड जीवनसत्त्व होतं, आठवड्यातून एकच घ्यायची असते तसली. मीनाच्या पुडीत तेच, तितकंच. माझ्या बाटलीत इतर बऱ्याच गोष्टींबरोबर थोडं तेच. डॉक्टरांनी विचारलं, "आठवड्याला घेत होत्या ना?"

मी सांगितलं, "रोज. तिन्ही."

त्यांनी पाकिटं बाजूला सारली. मग त्यांनी समजावलं. हे जीवनसत्त्व जास्त झालं तर शरीर ते टाकून देत नाही, साठवतं. रक्तातलं कॅल्शियम चढत जातं, माणूस भ्रमतो, मूत्रपिंडांना इजा होते. रागावले नाहीत. म्हणाले, "हल्ली अशा केसेस दिसताहेत. घरचे काळजीनं पाठवतात." त्या मवाळ बोलण्यानं मला जास्त लागलं. पुडीवर आठवड्यातून एकदा असं छापलेलं होतं, पण इंग्रजीत. मीनानं तिला ते सुरुवातीला सांगितलंही होतं, दादानंही सांगितलं होतं. पण आम्ही रोज विचारत होतो, घेतलीस का. विचारलं की तिला 'व्हय' म्हणायचं असायचं, आणि आत्या आमच्याशी खोटं बोलत नाही.

सलाईनवर तिचं रक्त हळूहळू ताळ्यावर आलं. एका सकाळी तिनं मला नंदा म्हटलं आणि म्हशीला कोण बघतंय ते विचारलं. ती वाचली. त्या महिन्यात आमच्या ओळखीतली किती माणसं वाचली नाहीत. त्या हिशेबानं आम्ही नशीबवानच. पण मूत्रपिंडं पहिल्यासारखी झाली नाहीत. मीठ मोजून, पाणी मोजून, दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं. त्या पावसाळ्यात लावणीला ती खाचरात उतरू शकली नाही. बांधावर बसून राहिली, आणि हिराच्या घरच्यांनी रोपं लावली. नंतर म्हैस विकली. आयुष्यभर चिखलात उभी राहिलेली बाई. तिला साथीनं शिवलंसुद्धा नाही.

आम्ही तिला गोळ्यांचं खरं सांगितलं. दादा बोलायला लागला आणि त्याला बोलवेना, मग मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "तुमी काय वंगाळ व्हावं म्हून दिल्ती व्हय?" आणि विषय संपवला. नंतर कुणी विचारलं तर "पोरांनी दिल्त्या गोळ्या" एवढं ती कौतुकानं सांगायची, पुढचं गाळून. ते ऐकवत नसे.

साथ गेली. रस्ते सुरू झाले. पहिल्या वर्षी आम्ही तिघं वाटून घेतल्यासारखे मळवलीला जात होतो. मग दादाच्या मुलाची बारावी आली, मीनाच्या सासूचं दुखणं आलं, माझ्या शाळेचं काही ना काही. शनिवार-रविवारी लोणावळ्यातून बाहेर पडायला गाड्यांची ही रांग. फोन करायला घेतला की काय बोलावं, ते सुचेना. विचारायला आता काही उरलं नव्हतं. "बरी आहेस ना?" "बरी हाय." मग "ठेवते गं." रोजचे फोन चार दिवसांवर गेले, मग आठवड्यावर. कुणी ठरवून केलं नाही. ते आमच्याही लक्षात आलं नाही.

परवा मेडिकलमधून बाहेर पडले आणि घरी न जाता स्टेशनवर गेले. यांना फोन करून कळवलं. मळवलीला उतरून चालत गेले. आत्या ओसरीवर खांबाला टेकून बसली होती. आता वाळून लहान झाली आहे, पायांना सूज असते. करवंदं बघून खूष झाली. डॉक्टरांनी फार खाऊ नको म्हटलंय, म्हणून दोनच घेतली आणि बराच वेळ चघळत राहिली. एक्सप्रेसवेचा आवाज अखंड येत होता. जांभळाखाली पिकलेली जांभळं पडून जमीन डागाळली होती. आम्ही दोघी तिकडे बघत बसलो. मधेच ती म्हणाली, "तवा बरं व्हतं, न्हाई?"

"कधी, आत्या?"

"त्या कोरोनाच्या टायमाला. रोज तिगांचं बी फोन यायचं. मी डबा घेऊनच बसायची, आता सुधाचा यील, आता मीनाचा यील."

ती तक्रार करत नव्हती. पाऊसपाण्याचं सांगावं तसं सांगत होती. जगभर माणसं मेली, शहरं ओस पडली, आणि या बाईच्या म्हातारपणातले भरलेले दिवस तेवढेच होते. आम्ही तिला जे पाठवलं, ते तिला कशासाठी हवं होतं, ते आम्ही कुणी विचारलं नव्हतं. तिला गोळी नको होती. तिला गोळीनंतरचा फोन हवा होता, आणि त्यासाठी ती काहीही गिळायला तयार होती.

ऊन कलायला लागलं. आत्यानं सवयीनं विचारलं, "कितीची गाडी हाय तुजी?"

"आज राहते," मी म्हटलं.

तिला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. पुन्हा सांगणार, तेवढ्यात ती खांबाला धरून उठली. सुपात तिनं मघाशीच संध्याकाळचे तांदूळ निवडून ठेवले होते, मूठभर, एकटीपुरते. ते सूप घेऊन ती आतल्या तांदळाच्या कणगीकडे निघाली, आणखी एक मूठ घालायला. पाय ओढत, भिंतीला हात लावत, मधे एकदा थांबून. मी उठले नाही. मी घालते असं म्हणाले नाही. तिला जाऊ दिलं.